तिरका स्क्रू

लोक प्रवासाला निघाले की समुद्र बघतात, डोंगर बघतात, बाजार पालथा घालतात. आमचे हे संग्रहालयं बघतात. तीही मोठी नाहीत. ज्यांची किल्ली शेजारच्या दुकानातून मागून आणावी लागते, तसली. आत गावातल्या पहिल्या पोस्टमनची पिशवी, कुणाच्या तरी आजोबांचा चष्मा आणि कोपऱ्यात एखादं जुनं वाद्य. ह्यांचा सगळा जीव त्या कोपऱ्यात. माझे पाय दुखतात, त्याचं कुणाला काही नाही.

ह्यांनी चाळीस वर्षं वाद्यं दुरुस्त केली. सासऱ्यांचाही तोच धंदा, तेही गावोगाव फिरून. या धंद्यात एक रीत आहे. काम संपलं की वाद्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घालायची आणि काय केलं ते लिहायचं, म्हणजे पुढचा कारागीर चाचपडत बसत नाही.

सासरे तोंडाचे फटकळ. "तुझ्या हाताला वळण नाही," हे पोराला उठता-बसता ऐकवायचे. हे सोळा वर्षांचे असताना ते गेले. धंदा ह्यांनी परक्याकडे शिकून घेतला, नाव कमावलं, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. घरात सासऱ्यांच्या अक्षरातली एकच चिठ्ठी उरलीय, तीही खिळ्यांची यादी. म्हणून म्हातारपणी ही वणवण. "कुठे तरी त्यांनी माझ्याबद्दल एखादा बरा शब्द लिहिला असेल का गं?" असं मला एकदाच म्हणाले. मी टोमणे मारणं सोडलं नाही, पण तेव्हापासून बॅग मीच भरते.

हे सतरावं संग्रहालय. वाचनालयाच्या माडीवर दोन खोल्या, आणि सांभाळायला एक निवृत्त शिक्षिका. खिडकीपाशी पायपेटी होती, पायाने भाता मारून वाजवायची. वर पाटी: हात लावू नये.

"बाई, मागची फळी जरा उघडून बघू का?" ह्यांनी विचारलं.

"ती पाटी मीच लिहिलीय," बाई म्हणाल्या.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अहो बाई, या माणसाने जन्मभर हात लावला म्हणून अशा पेट्या अजून वाजताहेत. दुरुस्त करणाऱ्याने आत लिहून ठेवायची रीत आहे आमच्यात, सासऱ्यांचं तसलं अक्षर शोधतोय. सोळा ठिकाणी नन्नाचा पाढा नाहीतर कोरी फळी. तुम्ही तरी बघू द्या."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, वर्गातल्या आगाऊ मुलीकडे बघावं तसं. मग स्वतःच पेटीवरच्या फुलदाण्या उतरवायला लागल्या.

ह्यांनी फळी काढली, आत बॅटरी मारली आणि तिथेच उकिडवे बसून राहिले. मला वाटलं, कमरेत उसण भरली. वाकून बघितलं तर खिळ्यांच्या यादीतलंच ते किरटं अक्षर.

"भाता बदलला. दोन सूर जुळवले. मुलगा सोबत आहे, वय सात. मधला स्क्रू त्याने एकट्याने बसवला. तिरका आहे. पुढच्याने काढू नये."

"मला हे गाव आठवतसुद्धा नाही," हे म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

स्क्रू खरंच चांगलाच तिरका होता. आमचे हे म्हणजे परक्याच्या घरातली तसबीरसुद्धा सरळ केल्याशिवाय चहाला हात लावत नाहीत. खिशात स्क्रूड्रायव्हर कायम. तो त्यांनी सवयीने बाहेर काढला, स्क्रूच्या डोक्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि परत खिशात ठेवला.

बाईंनी टेबलावरची पेन्सिल आणून दिली. "तुमच्यात लिहायची रीत आहे ना? मग लिहा. पाटीचं मी बघते."

ह्यांनी सासऱ्यांच्या ओळीखाली तारीख घातली. अक्षर वळणदार आलं.

"स्क्रू तपासला. घट्ट आहे. काढला नाही. मुलगा."