गुणाबाईची उघडी मूठ

"घरात कोणी आहे का?" असं दारातून विचारलं की गुणाबाई हातातलं काम न सोडता म्हणायची, "मी हाय ना. आनखी कोन पायजे तुले?" विचारणाऱ्याला पुरुषमाणूस हवा असायचा, हे तिला पक्कं ठाऊक असे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकाठच्या आमच्या वस्तीत ती एकटी राहायची आणि कोणाला भीक घालायची नाही.

अमेरिकेत लढाई पेटली, कापसाला सोन्याचा भाव आला आणि कापसाचा व्यापार करणाऱ्या शेठला गंज्या रचायला जागा पुरेना. आमची घरं त्याच्याच जमिनीवर. आता आमची एकुलती विहीरही त्याला बुजवायची होती. तहसीलदाराने तोडगा काढला. दर चुलीमागे एक मत घ्यायचं, निवडून येईल तो पंच विहिरीचा निकाल देईल. शेठचा मुनीम उभा राहिला आणि आमचा तुका सुतार. मत द्यायचं ते शेठसमोर हात वर करून.

बाईला कसलं मत, म्हणून मंडळींनी गुणाबाईला गाळलं. ती थेट तहसीलदारापुढे जाऊन बसली. "चुलीमागं एक म्हनता ना? माही चूल रोज पेटते. येऊन पाहा." त्याला मान्य करावंच लागलं.

मी तेव्हा रेल्वेच्या कामावर दुभाष्या होतो. आमचा ओव्हरसियर साहेब आयर्लंडचा. तिकडे त्याच्या बापाने मत देताना जमीनदारासमोर नको ते नाव मोठ्याने घेतलं आणि राहतं घर गमावलं होतं. आमची हकिकत ऐकून साहेबाने तहसीलदाराला गाठलं आणि दोन मडकी मांडायला लावली, एक मुनीमाचं, एक तुकाचं. प्रत्येकाने सरकीचा एक दाणा घेऊन झाकली मूठ दोन्ही मडक्यांत घालायची. दाणा कुठे पडला ते कोणाला कळणार नाही.

सगळ्यांनी तसंच केलं. गुणाबाई शेवटी आली. तिने तळहात उघडून शेठला सरकी दाखवली आणि तुकाच्या मडक्यात टाकली.

तुका निवडून आला, विहीर वाचली. संध्याकाळी शेठच्या माणसांनी एकट्या गुणाबाईचं घर पाडलं.

"काहून दाखवली?" मी चिडून विचारलं.

"शेठले कोनावर तरी राग काढाचाच होता. तुमच्या घरात लेकरं हायत. अन् भांडून घेतलेलं मत मी लपवू काहून?"

साहेब भयंकर संतापला. "माझ्या बापासारखं कोणाचं होऊ नये म्हणून तर मडकी आणली, हे तिला सांग," म्हणाला. मी सांगितलं. पाटा उचलता उचलता ती म्हणाली, "त्याले पूस, बापाची लाज वाटते का त्याले?"

मी चाचरत भाषांतर केलं. साहेबाने कोट काढला, तिच्या चुलीचे दगड उचलले आणि नदीपलीकडे, रेल्वेच्या जागेकडे चालू लागला.

तिथे ती पुष्कळ वर्षं राहिली. एवढं हट्टी माणूस मी दुसरं पाहिलं नाही, आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. ती गेली त्या सकाळीही त्याच दगडांवर चूल पेटलेली होती.