ओरा परनोबी

या किनाऱ्यावर रागावण्याचं सगळं काम एकट्याने अंगावर घेतलेला माणूस म्हणजे रेवदंड्याचे आमचे शेजारी काका. घर कॅथलिक, आणि काका जन्मभर भांडले ते ख्रिस्ती माणसांशीच. आम्हा हिंदूंना त्यांनी भांडायच्या लायकीचं कधी समजलं नाही, ऐकायच्या मात्र समजलं. संध्याकाळी गल्लीतल्या क्रुसापाशी संतांची नावं घेतली जात आणि प्रत्येक नावामागून काका गरजत, "ओरा परनोबी." मूळचं लॅटिन 'ओरा प्रो नोबिस', म्हणजे आमच्यासाठी प्रार्थना कर, पिढ्यान्‌पिढ्या झिजून त्यांच्या घरात ते असं झालेलं. नव्या फादरांनी चूक दाखवली आणि वर सांगितलं, रोमने कधीच परवानगी दिलीय, आता सरळ मराठीत म्हणा. काका हातातली मेणबत्ती विझवून घरी आले. "रोमनं बदललं तं बदललं. मला कोनी इचारलं?"

अलिबागच्या रस्त्यावरचा मल्याळी टायरवाला ऑर्थोडॉक्स पंथाचा ख्रिस्ती. पंक्चर काढता काढता तो अभिमानाने म्हणाला, "काका, आमच्यात काय पण बदलत नाय. येशूच्या शिष्यांपासून तेच." काका उखडले. "मंग तुमच्या चर्चात मल्याळम कवा आली? येशू काय केरळचा व्हता?" आणि स्कूटर तिथेच टाकून तरातरा चालत सुटले. ती आणायला मला जावं लागलं, कारण ती माझी होती.

खरी लढाई घरात. सून नगरकडची, प्रोटेस्टंट. बायबलात आहे तेवढंच खरं, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना त्यात नाही, असं ती शांतपणे सांगे. "मंग तुझी रविवारची शाळा कुठल्या पानावर हाय?" काका ओरडत. एकदा असंच ओरडून झाल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मी गेल्यावर माझ्यासाठी मागनार कोन रे? पोरगा कुवेतला. ही तं तोंड उघडनार न्हाय." मला तिचा संताप आला. म्हाताऱ्यासाठी दोन शब्द बोलायला तुझं काय जातं, असं मी तिला तोंडावर विचारलं. "मनात नसलेलं मागायला मला जमत नाही, दादा," ती म्हणाली. मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही.

काका गेले. महिना झाला तेव्हा चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला, आणि त्यानंतर सगळे क्रुसापाशी जमले. फादर एकेक नाव घेत होते, लोक स्वच्छ मराठीत "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत होते. तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला, "ओरा परनोबी." सून होती. फादरांनी वळून पाहिलं, तरी ती प्रत्येक नावाला तेच म्हणत राहिली, काकांच्या चुकीसकट.

परतताना मी विचारलं, "हे आहे का पुस्तकात?"

"नाही," ती चिडूनच म्हणाली. "पण त्यांची जागा गप्प राहिलेली मला सोसेना."

मला काकांचाच राग आला. हे ऐकायला ते हवे होते. सूर खाली लागला म्हणून तिच्यावर नक्की ओरडले असते.