विकतची थंडी

सदर इसम लोकरी कपड्यांचे पिढीजात विक्रेते असून बाजारपेठेत 'गारठाशेठ' या नावाने परिचित आहेत. वय साठीच्या आत, प्रकृती ठणठणीत, वर्तणूक चांगली. उपजीविकेचे साधन: हिवाळा.

हे साधन अलीकडे बेभरवशाचे झाले होते. दोन महिने मुक्काम ठोकणारी थंडी आधी पंधरवड्यावर आली, मग पहाटेपुरती उरली, आणि गेल्या वर्षी तर तिने तोंडदेखली हजेरीही लावली नाही. दुकानासमोरचे झाड बिचारे गोंधळून भलत्याच महिन्यात फुलले. मधमाश्यांना खबर नव्हती, त्यामुळे फुले तशीच गळून गेली. गारठाशेठनी झाडाला बेशिस्त ठरवले.

"दाजी, आता कूलर ठेवा," मेहुणा म्हणाला. त्याची कूलरची एजन्सी होती आणि वाढत्या उन्हावर तिने चांगलेच बाळसे धरले होते. "माल मी देतो, पाटी तेवढी बदला."

"पाटी वडिलांनी लावलीय. थंडी कुठे पळून जातेय?"

"गेलीसुद्धा, दाजी. तुमचा निरोप घ्यायचा तेवढा राहिला तिचा."

शेवटी ठरले: या मोसमात निम्मा माल खपला तर वडिलांची पाटी राहील, नाहीतर कूलर येतील.

गारठाशेठ हातावर हात धरून बसणाऱ्यांतले नव्हते. थंडी येत नाही म्हटल्यावर त्यांनी ती विकत आणली. दुकानात एसी बसवला आणि सोळावर ठेवला. गिऱ्हाईक आत आले की कुडकुडणार, कुडकुडले की स्वेटर मागणार, इतका सरळ हिशेब. गिऱ्हाईक आलेही, सगळा बाजारच लोटला. बायका घाम पुसत बाकावर टेकायच्या, चार स्वेटर अंगाला लावून बघायच्या, "काय छान गार आहे हो तुमच्याकडे" म्हणायच्या आणि ताज्यातवान्या होऊन घरी जायच्या. एसीचा गरम झोत शेजारच्या घड्याळजीच्या तोंडावर जाई, म्हणून तोही आपले काम घेऊन आतच ठाण मांडून बसला. मोसमभरात एक मफलर खपला. तो एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाने घेतला; दुकानात बसून त्याला सर्दी झाली होती.

मोसम सरला तशी बायकोने माळ्यावरचे गठ्ठे आवरायला काढले. एरवी थंडीत सुस्त पडून राहणारी कसर यंदा बारा महिने जागी होती. तिने लोकरीत सुखाने संसार थाटला होता, वंश वाढवला होता. स्वेटरांची नुसती चाळण झाली होती.

"अहो," एक स्वेटर उजेडात धरून ती म्हणाली, "कुणाला तरी पसंत पडला म्हणायचा आपला माल."

गारठाशेठ त्या भोकांतून पलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या भावाला फोन लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उतरली आणि कूलर आले. संध्याकाळपर्यंत सगळे विकले गेले.