सगळ्यात शेवटचा नंबर

मला ‘नाही’ म्हणायची घाई फार. त्या घाईची किंमत मोजली मात्र माझ्या ताईनं.

माण तालुक्यातल्या आमच्या गावातून मॅट्रिकला बसलेली ती पहिली मुलगी. पास झाली तर नदीकाठच्या सांगलीला कॉलेजात घालीन, असा वडिलांचा शब्द होता. नापास झाली तर फलटणकडचं स्थळ पक्कं. निकालाचा पेपर दहिवडीच्या शाळेत लागला तेव्हा ताई घरातून निघेचना. “तूच बघून ये गं,” म्हणाली, आणि आपला नंबर माझ्या तळहातावर लिहून दिला.

पेपरात पास झालेल्यांचे नुसते नंबर, चढत्या क्रमानं. ताईच्या आधीचा दिसला, पुढचा दिसला, मधे तिचा नव्हता. मी तिथंच थांबले आणि घरी येऊन ‘न्हाई’ सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवून ती स्वतः बघायला गेलीच नाही. महिन्याच्या आत लग्न झालं.

नंतर शाळेतून मार्कशीट आली. ताई पास होती. हेडमास्तरांनी जपून ठेवलेला पेपर काढून दाखवला. छापताना सुटलेले थोडे नंबर रकान्याच्या तळाशी घातले होते, आणि ताईचा सगळ्यात शेवटी होता.

पुढं सांगलीला मी गेले. माझ्या बाकावर ती बसायला हवी होती, हे तिथं रोज वाटायचं. प्रोग्रॅमिंगच्या तासाला काम दिलं: यादीत अमुक आकडा आहे का, ते शोधा. त्याहून मोठा आकडा दिसला की माझा प्रोग्रॅम थांबून ‘नाही’ छापायचा. सर म्हणाले, “यादी क्रमानंच आहे, हे तुला कुणी सांगितलं? ‘आहे’ मधेच म्हणता येतं. ‘नाही’ म्हणायला शेवटापर्यंत जावं लागतं.” मी भर वर्गात रडले. मुलांना वाटलं, मार्क गेले म्हणून.

दुरुस्त केलेल्या प्रोग्रॅमात मी ताईचा नंबर यादीच्या शेवटी घातला. आमच्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं पुण्याच्या कॉम्प्युटरवर जायची. आठवड्यानं छापील कागद आला. त्यावर तिचा नंबर होता, आणि पुढं ‘आहे’ असं इंग्रजीत.

तो घेऊन मी तिच्या सासरी गेले. ती उसाला पाणी पाजून आली होती. पदराला हात पुसून तिनं कागद घेतला. नंबर तिनं लगेच ओळखला. मी माफी मागणार, तोवर तिनंच विचारलं, “कालिजाच्या खिडकीतनं नदी दिसती का गं?”

नदी दिसत नव्हती. मी ‘दिसती’ म्हणाले.