जिन्याचं श्रेय चहाला

माझ्या आत्येभावाचा, निखिलदादाचा फोन आला तेव्हा मी नोएडाच्या ऑफिसात, पॅन्ट्रीत कप धूत होते. "सई, आई गेली," एवढंच तो पुण्याहून म्हणाला. दुपारी जेवून झोपलेली आत्या उठलीच नाही. संध्याकाळी खाली आली नाही म्हणून शेजारच्या भल्ला आंटींनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तेव्हा कळलं... कॅबमध्ये मला रडू आलं नाही. सारखं मनात येत होतं, ती तिच्या घरात गेली. त्यात एक समाधान होतं. तेव्हा ते कुणाला सांगवलं नाही, आता काही आठवड्यांनी लिहितेय.

उषाआत्या माझ्या बाबांची थोरली बहीण. काका केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे तिचा संसार दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला आणि निवृत्तीनंतर फरीदाबादला, तिसऱ्या मजल्यावरच्या बिनलिफ्टच्या फ्लॅटमध्ये. काका गेल्यावरही तिने ते घर सोडलं नाही. संध्याकाळी आजूबाजूच्या बायका धापा टाकत वर यायच्या आणि आत्या त्यांना आलं घालून दाट, गोड चहा पाजायची. मग तिला डायबिटीस निघाला. दादा फोनवर म्हणाला, "आई, पुढचा रिपोर्टही असाच आला तर मी तुला घेऊन जाणार. बिल्कुल ऐकणार नाही." तो काळजीनेच बोलत होता, पण फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ बाल्कनीत उभी राहिली. पुण्यात तिला सगळं मिळालं असतं, फक्त ही संध्याकाळ सोडून.

ग्रीन टीचे फायदे तिला मोबाइलवर रोज कुणी ना कुणी पाठवतच होतं. तिने मागितला म्हणून मी एका शनिवारी डबा नेला. पुढच्या शनिवारी गेले तर पातेल्यात ती पानं ओव्याबरोबर खळखळ उकळत होती, काढ्यासारखी काळी होईपर्यंत. आत्या सकाळी उपाशीपोटी तेच प्यायची आणि दिवसभर पोटात जळजळ घेऊन बसायची.

"आत्या, हा उकळायचा नसतो," मी म्हटलं. "पाणी उकळलं की गॅस बंद. जरा निवलं की पानं टाकायची आणि थोडा वेळ झाकण."

"एवढंच? मग गुण कसा येणार? पाडव्याला आम्ही कडुनिंब चावून खाल्लाय. कडू लागलं म्हणजे लागू पडतंय."

मला माणसांशी बोलणं जमत नाही, पण वाचलेलं सांगता येतं. त्यात शरीराला चांगली अशी द्रव्यं असतात, हृदयालाही थोडी मदत होत असेल, पण रक्तातली साखर तो वितळवून टाकत नाही. खरा फायदा हा की तो दूध-साखरेशिवाय पिता येतो. आत्याने माझ्याकडे बघितलं. "यार सयू, तू किती कंजूषपणे आशा देतेस!"

बायकांना मात्र तो पहिल्याच दिवशी नकोसा झाला. "दीदी, ये चाय है कि घास का पानी?" भल्ला आंटी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वर कुणी आलं नाही. त्यांच्यासाठी जुना चहा करायला आत्या धजेना, तो समोर आला की तिला राहवायचं नाही. आणि एकटीने प्यायचा तो चहाच नव्हे, हे तिचं ठाम मत. शेवटी तिने थर्मास भरला आणि खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसली. "वो नहीं आएंगी तो हम जाएंगे," असं मला फोनवर मोठ्या थाटात सांगितलं. भल्ला आंटी नाक मुरडत प्यायल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच कप पुढे केला. मग आत्या रोज जिना उतरायला लागली. कप विसरला की परत वर, कुणाला लिंबू हवं म्हणून पुन्हा वर...

पुढच्या रिपोर्टच्या वेळी मी तिच्याबरोबर होते. तिने माझा हात घट्ट धरला होता. साखर बरीच खाली आली होती. "ग्रीन टी का कमाल है ना?" तिने विचारलं. डॉक्टर हसले. "चीनी छोड़ने का, आंटी. और सीढ़ियों का. गोलियां बंद मत करना." बाहेर येताच तिने दादाला फोन लावला आणि बिनदिक्कत सांगितलं, "ग्रीन टीने झालं!" मी बघतच राहिले, तेव्हा म्हणाली, "अगं, जिन्याचं नाव घेतलं तर म्हणेल, या वयात सारखे जिने चढतेस? चल पुण्याला. श्रेय चहालाच राहू दे."

ती शेवटपर्यंत फरीदाबादलाच राहिली.

आत्याचे दिवस झाल्यावर एका संध्याकाळी दादा बाल्कनीत उभा होता. खाली बाकावर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि कसल्याशा गोष्टीवर मोठमोठ्याने हसत होत्या. आम्हाला बघून जरा ओशाळल्या. "हे रोज असतं?" दादाने विचारलं. मी मान हलवली. "मला पुण्यात फक्त रिपोर्टचे फोटो यायचे," तो म्हणाला. मग पुटपुटला, "बरं झालं, नेली नाही."

घराचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तोवर शनिवारी जाऊन मी खिडक्या उघडते, कुंड्यांना पाणी घालते. ऊन उतरलं की खालून भल्ला आंटींची हाक येते, "अरे, ऊपर अकेली क्या कर रही है? नीचे आ!" एवढ्या मोठ्याने उत्तर द्यायला मला अजून लाज वाटते. मी चपला घालते आणि खाली जाते.