मले आणि मला

आमच्या संगणकावर 'नंतर' नावाचं एक बटण होतं आणि त्याच्यावर माझा फार जीव होता. रोज दुपारी यंत्र सुरू केलं की कोपऱ्यात पाटी यायची, नवीन आवृत्ती तयार आहे. मी 'नंतर' दाबायची. आठ-नऊ महिने आमचा हा संसार बिनबोभाट चालला. मग एक दिवस ते बटणच गेलं. 'आता' आणि 'तासाभराने' एवढंच उरलं. याला काय विचारणं म्हणतात? लग्नाच्या वेळी मला यापेक्षा जास्त विचारलं होतं.

मी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं टंकलेखक होते. आधी टंकयंत्र, मग संगणक, मग त्या संगणकावरची दर चार वर्षांनी बदलणारी सोंगं. सगळं शिकले. तरुणपणी त्याचा राग यायचा नाही, कारण तेव्हा नवीन शिकलेलं पुष्कळ दिवस पुरायचं. आता बासष्टाव्या वर्षी एखादी गोष्ट हातात बसते न बसते तोच ती उचलून नेतात आणि वर सांगतात, तुमच्या सोयीसाठी केलं. माझी सोय मला विचारून करायला यांचं काय जातं?

पण खरा प्रश्न माझ्या सोयीचा नव्हताच. त्या यंत्रात माझ्या आईची फाईल होती.

आई शहाऐंशीची. मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहतो. पाच वर्षांपूर्वी, ती चांगली खणखणीत होती तेव्हा, मी तिला म्हटलं होतं, तू सांग, मी टाईप करते. तिनं आपलं सगळं आयुष्य सांगितलं. उमरेडकडचं खेडं, कापसाची वेचणी, सासर, आम्ही भावंडं. तिच्या तोंडून जसं आलं तसंच्या तसं, तिच्या बोलीतच, मी उतरवलं, चाळीस पानं. नंतर तिचं विसरणं सुरू झालं. जेवण झालं की नाही ते आठवत नाही, कधी कधी मी कोण तेही नाही. पण चहा झाल्यावर मी ती फाईल उघडून दोन पानं वाचली की तिच्या चेहऱ्यावर ओळख यायची. मधेच मला थांबवून पुढचं वाक्य स्वतः म्हणायची. तेवढा अर्धा तास मला माझी आई परत मिळायची.

त्या दिवशी 'तासाभराने' दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि अक्षरं आली, तुमच्या सर्व फाईली जिथल्या तिथे आहेत. होत्याही. आईची फाईल उघडली तर चाळीस पानं भरून नुसती इंग्रजी अक्षरं, त्यांना ना आगा ना पिछा. आई शेजारी चहाचा कप धरून बसली होती. "वाच ना वं," म्हणाली. मी म्हटलं, आज यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं वाच म्हणून म्हटलंच नाही, आणि मी घाबरले.

फाईल पेन ड्राईव्हवर घेतली, मेट्रोनं सीताबर्डीला गेले आणि एका संगणकाच्या दुकानात टेबलावर ठेवली. दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्यानं समजावलं की जुन्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठीचा मुखवटा. नव्या आवृत्तीत तो फॉन्ट राहिला नाही, म्हणून मुखवटा गळून पडला.

"मग तो परत बसवून द्या," मी म्हटलं.

"आता कुठं भेटते तो, काकू? कंपनीच बंद होऊन गेली. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आजकाल एआय आहे ना. टाकलं का फटाकसे मराठी करून देते. शुद्धलेखन बी फ्री."

चहा पिऊन होईपर्यंत त्यानं चाळीस पानं छापून माझ्या हातात दिली. स्वच्छ, सुबक, एक वेलांटी चुकलेली नाही. मी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिले. मेट्रोत कागद चाळलेसुद्धा नाहीत, छातीशी धरून बसले.

घरी येऊन आधी चहा ठेवला. आईसमोर बसून वाचायला लागले.

"मला शाळेत पाठवण्यात आले नाही. भावास मात्र पाठवण्यात आले. मी त्याच्या पाटीवर ओल्या बोटाने रेघा ओढत असे."

वाचतानाच काहीतरी खुपत होतं, पण मी रेटलं. पानभर वाचून झाल्यावर वर पाहिलं. आई माझ्याकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती.

"हे कोणाचं होय वं?"

"तुझंच आहे, आई."

"माह्यं नाही." तिनं कागदाकडे बोट दाखवलं. "हे तं तू बोलून राहिली. तुह्या ऑफिसातल्यासारखी. मी कुठी आहो याच्यात?"

मी यंत्राला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिचं खरं होतं. 'पाठवण्यात आले नाही' ही माझीच भाषा. बत्तीस वर्षं मी तीच बडवली. आणि एकदा साहेब घरी जेवायला येणार होते, तेव्हा आईला बाजूला घेऊन मीच बजावलं होतं की त्यांच्यासमोर मले-तुले करू नकोस, बरं दिसत नाही. त्या जेवणात आई एक शब्द बोलली नव्हती. फक्त वाढत होती. इतकं सगळं विसरलेली बाई, हे नेमकं विसरली नव्हती. मेल्या यंत्रानं माझ्यापेक्षा वेगळं काय केलं?

मी ते छापील कागद बाजूला ठेवले आणि संगणकावर ती इंग्रजी खिचडी पुन्हा उघडली. पडद्याकडे रागानं बघता बघता बोटं आपोआप टेबलावर पडली आणि जुन्या टंकयंत्राच्या जागांवर जाऊन बसली. तो जुना फॉन्ट मराठी टंकयंत्राच्याच कळांवर बेतलेला होता. व्ही, के, बी, झेड. ओठांनी वाचायला गेलं तर काही नाही. बोटांनी वाचलं तर आई. पुढे ई, वाय, एस. डाव्या हाताची अनामिका खाली आली आणि कळलं, मले. 'मला' असतं तर शेवटी एस नाही, के आला असता, उजव्या हाताचं मधलं बोट पडलं असतं. एवढ्या एका कळीचा फरक, आणि तेवढ्यानं आई घराबाहेर गेली होती.

नवीन आवृत्तीत कळफलकही नवीन. माझ्या सवयीचं एक अक्षर जागेवर नाही. आधी दोन्ही हातांनी टेबलावर जुनं वाचायचं, मग एका बोटानं नवीन शोधायचं, चाळीस शब्द मिनिटाला मारणारी बाई मी, पहिल्या ओळीला पाव तास लागला. त्यात 'मले' लिहिलं की ते यंत्र परस्पर 'मला' करायचं. मी खोडायची, ते पुन्हा करायचं. चौथ्या वेळी मी त्याच्यावर ओरडले, "तिला मले म्हणू दे!" मग कुठे तो शब्द टिकला, खाली लाल रेघ घेऊन. अशी चाळीस पानं व्हायला किती महिने लागतील आणि आईकडे किती आहेत, याचा हिशेब मी केला नाही.

आई कोचावर डोळे मिटून बसली होती. मी लिहिलेली तेवढी एक ओळ वाचली.

"मले शाळेत नाही घातलं."

"नाहीच घातलं," आई डोळे न उघडता म्हणाली. "भावाले घातलं. मी त्याच्या पाटीवर ओल्या बोटानं रेघोट्या मारत होती. पाणी सुकलं का सारं जाये. मंग मी अखीन मारत होती."