ब्रेकच्या शेजारची जागा

माझे मामा रायफल क्लबात बंदुका दुरुस्त करतात. पत्र्याची खोली, लांब टेबल, भिंतीला ब्रश टांगलेले आणि सगळीकडे तेलाचा वास. मामी गेल्यापासून घर त्यांना खायला उठतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही तिथेच. माणूस मनाचा चांगला, पण कुणी बंदुकीच्या एखाद्या भागाचं चुकीचं नाव घेतलं की त्यांना चैन पडत नाही.

"काका, हा सायलेन्सर जरा घट्ट करा," असं कुणी म्हणालं की संपलं. "सायलेन्सर नाही, सप्रेसर म्हणा. आवाज कमी होतो, बंद होत नाही. आणि हा तर तोही नाही. हा फ्लॅश हायडर. गोळी सुटताना नळीच्या तोंडाशी आग दिसते ना, ती हा लपवतो. धक्का कमी करतो तो ब्रेक, गॅस बाजूला फेकतो. वर फेकणारा तो कॉम्पेन्सेटर, नळी उसळू नये म्हणून..." एवढं होईपर्यंत समोरचा दाराबाहेर. जित्याची खोड! मामी हसून "आता पुरे" म्हणायची आणि ते गप्प व्हायचे. ती गेल्यावर पुरे म्हणणारं कुणी उरलं नाही. ऐकणारंही नाही.

उरले एकटे साडूभाऊ, मामीच्या बहिणीचे यजमान. गप्पिष्ट माणूस, दर रविवारी नेमबाजीला क्लबात हजर. नळीच्या तोंडावर काहीही असो, त्यांच्या लेखी ते 'टोपण'. मामांनी टोकलं की भडकायचे. "मी काय शाळेत आलोय इथं? पुन्हा टोकलंत तर यायचा नाही, सांगून ठेवतो!"

मला ती थट्टा वाटायची. मामांना नाही वाटली. त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. रविवार गेला तर आठवड्यात माणसाशी बोलायचं कधी, हा त्यांचा हिशोब.

क्लबात एक रीत आहे. ब्रेक लावलेली रायफल अगदी कडेला मांडायची आणि तिच्या शेजारची जागा रिकामी सोडायची, कारण बाजूला फेकलेला दणका थेट शेजाऱ्याच्या कानावर बसतो. त्या रविवारी एका सभासदानं नवी रायफल आणून नेमकी साडूभाऊंच्या शेजारी मांडली. रेंजवर देखरेख करणाऱ्यानं लांबूनच विचारलं, "ब्रेक नाही ना तो?"

"छे हो, फ्लॅश हायडर आहे!" साडूभाऊच ऐटीत म्हणाले आणि वळून मामांकडे बघून हसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी टोपण न म्हणता नाव घेतलं होतं.

मामा मागेच उभे होते. बाजूच्या खाचा त्यांना दिसल्या, ब्रेक आहे हे कळलं. पण शाबासकीच्या आशेनं बघणाऱ्या माणसाला चारचौघांत तोंडावर कसं पाडायचं? कानावर संरक्षक तर सगळ्यांच्याच असतात, असं त्यांनी मनाशी म्हटलं. आणि साडूभाऊंनी, गप्पा मारायच्या खोडीनं, एका कानावरचा वर सरकवला तेव्हाच शेजारी बार झाला.

तो कान गेला. शिट्टी तेवढी राहिली आत.

पुढे बरेच रविवार साडूभाऊ आले नाहीत. मग एकदा मी मामांच्या घरी असताना अचानक आले. मामांनी चहा ओतला. इकडचं तिकडचं झालं, हसणंही झालं. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

"त्या फ्लॅश हायडरनं घात केला माझा," साडूभाऊ कान चोळत म्हणाले.

मामांनी कप खाली ठेवला. "ब्रेक होता तो."

"हो, नंतर सांगितलं मला. तुम्हाला कधी कळलं?"

एक शब्द खोटा बोलायचा होता हो! नंतरच कळलं म्हणायचं आणि सुटायचं.

"तेव्हाच," मामा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही उठून गेला असता. मला दुसरं कोण आहे?"

साडूभाऊंनी चहा संपवला, चपला घातल्या आणि "येतो" न म्हणता गेले.

मी मामांवर ओरडले, कशाला सांगितलंत म्हणून. ते कपबशा विसळायला गेले.

हल्ली रविवारी ते क्लबात जात नाहीत. दाढी करून घरी बसतात. बेल वाजली की या वयातही धावत येऊन दार उघडतात, आणि मला बघून त्यांचा चेहरा पडतो. मला वाईट वाटतं. तरी मी जाते.